बरोबर उत्तर, चुकीचे कारण

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या भाच्याने घरच्या घरी संगणक जोडला. अकरावीतला मुलगा. वर्षभर साठवलेले पैसे आणि त्यात आजीने घातलेली भर घेऊन तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेला, एकेक भाग पारखून घेतला आणि दोन दिवस जेवणाचे टेबल अडवून बसला. सगळे जमत गेले, अडले ते एकाच ठिकाणी. प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी त्याने द्रवावर चालणारा कूलर आणला होता. त्याचा रेडिएटर हातात धरून त्याने मला विचारले, "मामा, हा पेटीत वर बसवू, समोर बसवू, की तळाशी?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे उत्तर जिभेवर तयारच होते. "वर बसव. गरम हवा वर जाते."

उत्तर बरोबर होते. कारण मात्र चुकीचे होते, आणि त्या चुकीच्या कारणाने पुढे जो घोळ केला तो तुम्हाला आणि तुमच्या शिक्षकांनाही सांगावा असे वाटले.

झाले असे, की त्याच्या पेटीत वरच्या बाजूस जागा अपुरी निघाली. मेमरीच्या उभ्या पट्ट्या रेडिएटरच्या आड येऊ लागल्या. मी तोवर परत निघून गेलो होतो. मग त्याने मीच दिलेले तत्त्व पुढे चालवले. गरम हवा वर जाते, म्हणजे पेटीतली सर्वांत थंड हवा तळाशी असणार. रेडिएटरला थंड हवा लागते. तेव्हा रेडिएटर तळाशी बसवावा! यात तर्काची चूक कुठे आहे ते दाखवा पाहू. एकही नाही. दिलेल्या कारणातून त्याने काढलेला निष्कर्ष चोख होता, आणि रेडिएटर जिथे मुळीच बसवू नये नेमक्या त्या जागी जाऊन बसला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग पंपातून खळखळ आवाज येऊ लागला. महिन्याभरात थोडे जड काम दिले की प्रोसेसरचे तापमान ९५ अंश सेल्सिअसपर्यंत चढू लागले आणि यंत्र आपण होऊन मंद होऊ लागले. आपल्याला सदोष माल मिळाला अशी त्याची खात्री झाली. माल चांगलाच होता. सदोष होते ते मामाचे उत्तर.

आता मुळापासून पाहू. सर्वसाधारण कपड्यांची इस्त्री सुमारे १००० वॅटची असते, आणि तिची उष्णता तळहाताहून मोठ्या पत्र्यावर पसरलेली असते. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरमागे पाच-सात वॅट. उलट, २०२२ साली बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय-९ १३९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरात चालला की २५३ वॅटपर्यंत वीज घेतो, आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्यातल्या सिलिकॉनच्या तुकड्याचे क्षेत्रफळ आहे अडीच चौरस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे टपालाच्या लहानशा तिकिटापेक्षाही कमी. दर चौरस सेंटीमीटरला शंभर वॅट! इस्त्रीने कपडा जळतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. प्रोसेसर जळून जात नाही, कारण मर्यादेपलीकडे तापू लागला की तो आपला वेग स्वतःच कमी करतो. पण मग ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच वेग हाती येत नाही.

ही उष्णता उचलण्यासाठी पाणी फार सोयीचे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात, एक लिटर हवेला जेमतेम सव्वा ज्यूल. म्हणून प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा दाबून बसवतात, त्यातून द्रव खेळवतात आणि तो दोन नळ्यांतून रेडिएटरकडे नेऊन पंख्याच्या वाऱ्याने निववतात. पंप बहुतेक वेळा त्या ठोकळ्यावरच बसवलेला असतो. मोटारीत जी व्यवस्था असते तिचीच ही लहान आवृत्ती. मोठ्या संगणकांत ती फार जुनी आहे. १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकात तर सर्व इलेक्ट्रॉनिक पट्ट्या एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवूनच ठेवलेल्या होत्या.

'कूलर' या नावाने मात्र आपल्याकडे घोटाळा होतो. नागपूर-अकोल्याकडे कूलर म्हटले की वाळ्याच्या ताट्या, त्यांवरून ठिबकणारे पाणी आणि गार वारा आठवतो. त्या कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, म्हणून तो खोलीच्या हवेपेक्षाही थंड हवा देऊ शकतो. संगणकातल्या बंद नळ्यांत असे बाष्पीभवन चालत नाही. तो उष्णता इकडून तिकडे नेतो, एवढेच. मे महिन्यात खोलीत ४० अंश असतील तर त्याचे पाणी ४० च्या खाली कधीही जाणार नाही. कितीही महाग कूलर घ्या.

आता त्या नळ्यांतल्या हवेकडे वळू, कारण सगळी गोम तिथे आहे. कारखान्यात द्रव भरताना थोडी हवा आत राहतेच. शिवाय नळ्या रबरासारख्या पदार्थांच्या असतात आणि त्यांतून द्रवाचे रेणू वर्षानुवर्षे अगदी सावकाश झिरपून बाहेर जातात. द्रव कमी होतो, त्याची जागा हवा घेते. म्हणजे आज नाही तर दोन-तीन वर्षांनी आत बुडबुडा असणार, हे गृहीतच धरायला हवे. प्रश्न इतकाच, की तो बुडबुडा कुठे जाऊन बसेल?

एक प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली घ्या. ती पाण्याने जवळजवळ भरा, थोडीशी हवा राहू द्या, बूच घट्ट लावा. आता ती उभी धरा, आडवी करा, उलटी करा. बुडबुडा दर वेळी सर्वांत उंच जागा शोधतो. बाटलीला बूच कोणते आणि तळ कोणता हे तिला ठाऊक असेल, बुडबुड्याला नसते. तुमच्या घराचे बांधकाम पाहिले असेल तर पाणी भरलेल्या नळीने पातळी काढणारा गवंडी आठवा. काम सुरू करण्यापूर्वी तो नळीवर टिचक्या मारून आतली हवा घालवतो. ती राहिली तर पातळी चुकते, हे त्याला कोणी भौतिकशास्त्राच्या तासाला शिकवलेले नसते.

भाच्याच्या यंत्रात रेडिएटर तळाशी आणि पंप वर होता. सर्वांत उंच जागा कोणती? पंपाची. बुडबुडा पंपात जाऊन बसला.

पंपात हवा शिरली की काय होते हे विहिरीवर मोटर असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. फुटव्हॉल्व्ह गळका असला की पाइपातले पाणी रात्रीतून विहिरीत उतरते आणि पंपात हवा भरते. सकाळी बटण दाबले तर मोटर झोकात फिरते, पाण्याचा मात्र थेंब येत नाही. मग पंपात वरून बादलीने पाणी ओततात आणि पुन्हा सुरू करतात. असे का? या जातीच्या पंपात पात्यांचे चक्र फिरते आणि द्रव कडेकडे फेकला जातो. त्यातून जो दाब तयार होतो तो फेकलेल्या पदार्थाच्या घनतेच्या प्रमाणात असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. तेव्हा तेच चक्र, त्याच वेगाने, हवेत फिरले तर दाब ८०० पट कमी! तेवढ्याने नळीतले पाणी हलणार कसे? संगणकातला पंप याच जातीचा असतो. पूर्ण भरून हवा असली तर तो फिरत राहतो आणि पाणी जागचे हलत नाही. अर्धवट असली तर खळखळ आवाज, कमी प्रवाह आणि वाढते तापमान. त्यात पुन्हा या छोट्या पंपांच्या धारव्याला वंगण म्हणून तोच द्रव पुरतो. तो नसला की झीज सुरू होते.

तेव्हा नियम एकच: जोडणीतली सर्वांत उंच जागा पंपाची असता कामा नये. ती रेडिएटरची असावी. रेडिएटरच्या टोकाच्या टाकीत हवा साठून राहिली तर बिघडत काहीच नाही.

हे कारण हाती आले की तिन्ही जागांचे उत्तर आपोआप मिळते. रेडिएटर पेटीच्या छताला आडवा बसवला तर उत्तम, हवा त्याच्या वरच्या कडेला राहते आणि पंप कितीतरी खाली असतो. समोर उभा बसवला तरी चालते, मात्र त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच हवे. नळ्या पोहोचत असतील तर त्या खालच्या टोकाला याव्यात अशा रीतीने तो उलटा धरून बसवावा. मग हवा वरच्या टाकीत निवांत बसते. नळ्यांची तोंडे वर ठेवली तरी पंप सुरक्षित राहतो, पण नळ्यांच्या तोंडाशीच हवा असल्याने अधूनमधून बुडबुडे ओढले जाऊन आवाज येतो. आणि तळाशी? तळाशी नको.

"पेटीसोबतच्या पुस्तिकेत चित्र असतेच की, ते पाहून बसवावे, इतका विचार कशाला?" असे कोणी म्हणेल. पुस्तिका जरूर पाहावी. पण काही कूलरांत पंप ठोकळ्यावर नसून रेडिएटरमध्ये असतो, काहींत तो नळीच्या मध्येच असतो. एका कूलरचे चित्र दुसऱ्याला लावले की फसगत ठरलेली. आणि तुमच्या पेटीत जागाच वेगळी निघाली, जशी भाच्याच्या निघाली, तर पुस्तिका गप्प बसते. त्या वेळी तुमच्याजवळ कारण असेल तरच पुढे जाता येते, आणि कारण खोटे असेल तर थेट खड्ड्यात जाता येते. नुसते पाठ केलेले उत्तर परवडले. अडले तर निदान ते तुम्हाला विचारायला तरी लावते. चुकीचे कारण विचारूही देत नाही, कारण आपल्याला समजले आहे असे वाटते.

मग 'गरम हवा वर जाते' हे खोटे का? खोटे नाही. पण रेडिएटरच्या दाट पापुद्र्यांतून पंखा हवा जोराने रेटत असतो, तिथे त्या नैसर्गिक प्रवाहाला काही किंमत उरत नाही. टेबलफॅन लावा आणि त्याच्यासमोर उदबत्ती धरा. धूर वर जाण्याचा आपला स्वभाव विसरून पंखा नेईल तिकडे जातो, पंखा खाली वळवला तर खालीसुद्धा. खरे तत्त्व चुकीच्या जागी लावले तर ते चुकीचेच कारण होते. परीक्षेत या फरकाकडे आपण शिक्षक फारसे पाहत नाही. 'वर' एवढा शब्द दिसला की अर्धे गुण देऊन मोकळे होतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले.

दुसरी एक समजूत याहून पसरलेली आहे. रेडिएटर वर बसवला तर पंपाला पाणी उंच चढवावे लागते, त्यावर ताण पडतो आणि तो लवकर मरतो, असे पुष्कळ हौशी जोडणारे मनापासून मानतात. ही समजूत कुठून येते हेही उघड आहे: विहिरीवरचा पंप खरोखरच पाणी चढवतो, आणि विहीर जितकी खोल तितकी मोटर मोठी लागते. इथे मात्र वर्तुळ बंद आहे. जेवढे पाणी एका नळीतून वर जाते तेवढेच दुसऱ्या नळीतून खाली उतरते, आणि उतरणाऱ्या पाण्याचे वजन चढणाऱ्या पाण्याला तोलून धरते. रहाटाच्या दोन्ही बाजूंना सारखीच भरलेली बादली बांधावी तसे. पंपाला झगडायचे असते ते फक्त घर्षणाशी. नळ्या हवेने तुटक झाल्या नाहीत तोवर रेडिएटर एक फूट वर असो की एक फूट खाली, पंपाला ते कळतही नाही. विहिरीचे उदाहरण मी हवेच्या बाबतीत वापरले आणि उंचीच्या बाबतीत नाकारतो आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. दाखला कुठवर चालतो हे दर वेळी तपासावेच लागते.

थोडे गणितही करा. समजा, मिनिटाला एक लिटर द्रव वाहतो आणि प्रोसेसर २०० वॅट उष्णता देतो. सेकंदाला सुमारे १७ ग्रॅम पाणी, त्याला प्रत्येक अंशासाठी ७० ज्यूल. २०० ला ७० ने भागा. प्रोसेसरवरून जाताना पाणी तीन अंशांनीही तापत नाही! म्हणजे सगळ्या नळ्यांत तापमान जवळजवळ सारखेच. 'गरम नळी वर की गार नळी वर' यावर वाद घालणाऱ्यांना हे गणित दाखवावे.

बाकीची कामे लहान, पण चुका तिथेच जास्त होतात. तांब्याच्या ठोकळ्याखाली पारदर्शक कागद चिकटवलेला असतो, तो काढायचा विसरतात. पंपाची तार मदरबोर्डवर जोडायची राहते, किंवा पंख्याच्या खाचेत जोडली जाते आणि पंप कमी वेगाने फिरतो. पंख्याची उघडी बाजू हवा ओढते आणि आधाराच्या काड्या असलेली बाजू हवा सोडते, ही खूण लक्षात ठेवा.

ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये जो उष्णतावाहक लेप लावतात तिथेही शत्रू हवाच आहे. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म खळगे असतातच, आणि त्यांत हवा राहते. तांबे हवेपेक्षा सुमारे १५ हजार पट चांगले उष्णतावाहक आहे. लेप ती हवा हुसकावून लावतो, म्हणून तो हवा. पण तांब्याच्या मानाने लेपही मंद वाहकच, म्हणून तो जाड नको. वाटाण्याएवढा पुरे. लोणी फासल्यासारखा थापू नये. आणि चारही स्क्रू एकामागून एक पूर्ण आवळू नयेत. समोरासमोरचे, कर्णाच्या दिशेने, थोडे थोडे आवळत जावे. मोटारीचे चाक बसवणारा मेकॅनिक असेच करतो. एक कोपरा आधी दाबला की दुसरा उचलला जातो आणि फटीत पुन्हा तीच हवा.

द्रव कमी झाला असेल म्हणून कूलर उघडून नळाचे पाणी भरू नका. अशा बहुतेक कूलरांत ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारयुक्त पाणी म्हणजे विद्युतघट झाला, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. आतल्या द्रवात गंजविरोधी द्रव्ये घातलेली असतात ती त्यासाठीच.

आणि एक स्पष्ट सांगतो. तुमचा प्रोसेसर ६५ वॅटच्या आसपासचा असेल तर द्रवाच्या भानगडीत पडूच नका. चांगला पंखा आणि पापुद्र्यांचा ठोकळा पुरतो, त्यात पंप नाही, नळ्या नाहीत आणि बुडबुडाही नाही. रंगीत दिव्यांचा मोह आहे हे मला कळते, पण तो वेगळा विषय.

भाच्याच्या घरी मी दिवाळीत गेलो तेव्हा आम्ही दोघांनी मिळून रेडिएटर काढला. पेटीत समोर, उभा, नळ्या खाली, अशी जागा निघाली. मी चूक कबूल केली तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्हीच तर सांगितलं होतंत ना, गरम हवा वर जाते म्हणून!" बटण दाबल्यावर दोन मिनिटे मोठी खळखळ झाली. पेटी आम्ही थोडी पुढे, थोडी मागे कलवून धरली. मग आवाज थांबला, आणि पडद्यावरचा ९५ चा आकडा त्याच कामाला ७१ वर येऊन उभा राहिला.